रायगडाची गाइडसह फेरी: दगड वाचून दाखवणारा माणूस हवा

रायगडावर गाइड घ्यावा का? घ्यावाच. गडावर आज दिसतात ती मुख्यतः जोती, पायऱ्या, टाकी आणि अर्ध्या भिंती. वरचे इमले लाकडी होते. मे 1818 मध्ये इंग्रजांनी समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागल्या, गडावर आग लागली आणि लाकूडकाम जळून गेलं. त्यामुळे एकट्याने गेलेला माणूस चौथरे बघत फिरतो, चार फोटो काढतो आणि दीड तासात रोपवेच्या रांगेत उभा राहतो. हे जोतं कशाचं आणि ते कशावरून ठरलं, हे सांगणारं कुणी सोबत असेल तरच पायपीट सार्थकी लागते.

गडावर स्थानिक गाइड मिळतात. पुण्या-मुंबईहून एक दिवसाच्या इतिहास-फेऱ्या नेणारेही आता बरेच आहेत. दोन्हीकडे उत्तम माणसं आहेत आणि नुसतं पाठ केलेलं म्हणून दाखवणारीही आहेत. पैसे देण्याआधी एकच प्रश्न विचारावा: जगदीश्वराच्या देवळापाशी किती वेळ थांबणार? ‘दर्शन घेऊन पुढे’ असं उत्तर आलं तर दुसरा माणूस बघा. ‘अर्धा तास’ म्हणाला तर त्याला सोडू नका.

कारण गडावरचा सगळ्यात बोलका पुरावा तिथे आहे. देवळाच्या भिंतीवर संस्कृत शिलालेख आहे आणि त्यात वर्ष आकड्यांत दिलेलं नाही, शब्दांत दिलंय: ‘शाके षण्णवबाणभूमि’. षण् म्हणजे सहा, नव म्हणजे नऊ, मदनाचे बाण पाच, भूमी एक. सहा, नऊ, पाच, एक. जुन्या रिवाजाप्रमाणे हे अंक उलटे वाचायचे, की 1596 मिळतात. शकात 78 मिळवले की 1674, म्हणजे राज्याभिषेकाचंच वर्ष. चांगला गाइड हे उत्तर स्वतः सांगत नाही. तो एकेका शब्दाचा अर्थ देतो आणि बेरीज लोकांकडून करून घेतो. सहावीतलं पोर आणि त्याची आजी, दोघंही बोटं मोजायला लागतात. तारीख पाठ करायला लावण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं.

तिथेच एका पायरीवर पाच शब्द कोरलेत: ‘सेवेचे ठाई तत्पर हिराजी इटळकर’. गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचा हा दगड म्हणून तो ओळखला जातो. महाराजांची पायधूळ लागावी म्हणून हिरोजींनी नाव पायरीवर कोरायची परवानगी मागितली, ही गोष्ट जवळपास प्रत्येक गाइड सांगतो. सांगावी, गोड आहे. पण दगडावर पाचच शब्द आहेत आणि बाकीची आख्यायिका आहे, हे वाक्य पुढे जोडणाऱ्याला आमच्या लेखी पूर्ण गुण. त्याने गोष्टीची गोडी कमी होत नाही, उलट ऐकणारा खाली वाकून पायरी स्वतः वाचतो.

इथे एक चूक वारंवार होते. अक्षरं नीट दिसावीत म्हणून लेखावर पाणी, तेल किंवा खडू फासतात. दगड खराब होतो, लेख पुसट होतो. तिरप्या उन्हात अक्षरं आपोआप उठून दिसतात. ढग असतील तर टॉर्च समोरून न मारता बाजूने, दगडाला जवळजवळ टेकवून धरावा. खोदलेल्या रेघांत सावली पडते आणि अक्षर स्पष्ट होतं.

दुसरी जागा राजसभेची. सभा सुमारे 220 फूट लांब. एका टोकाला सिंहासनाची जागा, समोर नगारखाना. इकडे हळू बोललेलं तिकडे ऐकू येतं, हे करून दाखवायची रीत ठरलेली आहे: दोघांना सिंहासनाच्या बाजूला उभं करायचं, बाकीच्यांनी नगारखान्यापाशी एक शब्दही न बोलता थांबायचं आणि तिकडच्यांनी कागद फाडायचा. प्रयोग फसतो तो गर्दीने. सुट्टीच्या दिवशी उशीर झाला की चार-पाच गट एकदम सभेत असतात आणि कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही. कमरेला स्पीकर लावून बोलणारा गाइड तर स्वतःच्याच प्रयोगाची माती करतो.

नगारखान्यापाशी हेन्री ऑक्झेंडनची गोष्ट आलीच पाहिजे. ईस्ट इंडिया कंपनीचा हा वकील 6 जून 1674 ला इथे हजर होता. त्याने दाराशी दोन लहान हत्ती पाहिले आणि एवढ्या अवघड वाटेने ते वर आले कसे, याचं नवल लिहून ठेवलं. आजही गडावर येणारं प्रत्येक मूल नेमकं हेच विचारतं. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या पाहुण्याला आणि आपल्या पोराला एकच प्रश्न पडावा, यापेक्षा चांगली सुरुवात कुठली मिळणार?

बाजारपेठेत मात्र सावध ऐका. समोरासमोरच्या दोन रांगा, मधे साधारण 40 फुटांचा रस्ता आणि उंच जोती. घोड्यावर बसूनच खरेदी करता यावी म्हणून जोती उंच, असं ठासून सांगतात. ही दुकानं नसून राहण्याच्या किंवा कचेरीच्या जागा असाव्यात, असंही मत मांडलं गेलंय. दोन्ही बाजू सांगून ‘तुम्हाला काय वाटतं?’ असं विचारणारा गाइड लोकांना पुन्हा जोत्याकडे बघायला लावतो. हिरकणीची कथा लोककथा म्हणूनच सांगावी, पण बुरुजावर नेऊन, खालचा कडा दाखवून.

वेळेचं गणित असं: चित दरवाज्यापासून सकाळी साडेसहाला चढायला लागावं. पायऱ्या दीड हजारांच्या आसपास आहेत. रोपवेने वर जाणाऱ्यांचा महादरवाजा हुकतो, आणि दोन प्रचंड बुरुजांआड लपवलेला हा दरवाजा पाहिल्याशिवाय गड अवघड का होता ते कळत नाही. गुडघ्यांची तक्रार असेल तर वर रोपवेने जाऊन उतरताना पायऱ्या घ्या, असं सुचवणारे बरेच असतात. पण उतरणंच गुडघ्यांना जास्त लागतं. ज्यांना जमेल त्यांनी चढून जावं आणि रोपवेने उतरावं. गट पंधरा-वीस जणांपर्यंत ठीक. पन्नास जण असले की मागच्यांना पायरीवरचा लेख दिसतच नाही. जुलै-ऑगस्टमध्ये धुकं आणि शेवाळ असतं. गोष्टी ऐकायला हा काळ वाईट. जुलै 2025 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आलेल्या 12 किल्ल्यांत रायगड असल्यामुळे गर्दी वाढणारच, तेव्हा शनिवार-रविवार टाळता आला तर टाळावा.

बुकिंग करताना पाचाड कार्यक्रमात आहे का, ते आवर्जून विचारा. बरेच गट दमल्यामुळे थेट महाडकडे सुटतात. पायथ्याच्या पाचाडला जिजाऊसाहेबांची समाधी आहे. राज्याभिषेकानंतर अवघ्या 11 दिवसांनी, 17 जून 1674 ला, त्या गेल्या. सकाळी राजसभेत राज्याभिषेक ऐकलेल्या माणसांना संध्याकाळी इथे नेऊन फक्त या दोन तारखा शेजारी शेजारी सांगाव्यात आणि गाइडने पाच मिनिटं गप्प बसावं.