न्यू स्टँडर्ड ट्यूनिंग, दिवाळीपासून मेपर्यंत : भूप फुकटात, पहिली तार महागात

काल रात्री पुन्हा पहिली तार गेली. वाजवत पण नव्हतो, गिटार स्टँडवर, कूलर चालू, मी जेवून राहिलो होतो आणि आतून टण्‌! आई म्हणे भांडं पडलं का. म्हटलं आता लिहूनच टाकू, दिवाळीपासून हे ट्यूनिंग वापरून राहिलो, बोलायला भरपूर साचलं आहे.

माहीत नसलेल्यांसाठी एवढंच, जाड तारेपासून (ती सहावी) बारीककडे (ती पहिली) सी-जी-डी-ए-ई-जी. किंग क्रिमझन या ब्रिटिश रॉक बँडच्या रॉबर्ट फ्रिपचं, १९८५ पासून त्याच्या गिटार क्राफ्टच्या कोर्समध्ये हेच शिकवत होते. सहावीपासून दुसरीपर्यंत सगळ्या तारा पंचमाच्या अंतरानं, व्हायोलिनसारख्या, आणि शेवटची उडी छोटी. हिशोबानं वर बी यायला पाहिजे होता पण तेवढं ताणलं की तारच राहत नाही, म्हणून जीवर तडजोड. माझं सगळं भांडण त्या तडजोडीशीच आहे.

कारण जी पण काही कमी नाही ना बे. नेहमीच्या (स्टँडर्ड) ट्यूनिंगमधली पहिली, ईची तार तीन फ्रेट, म्हणजे तीन अर्धे सूर, वर न्यायची म्हणजे ताण चाळीस टक्क्यांनी वाढतो. दुसरी तर बीवरून थेट ई, तिथं नेहमीची १६ ची (हे आकडे जाडीचे, इंचाचे हजारावे भाग) तार लावायचा विचारच सोडा. त्यामुळे बारा-त्रेपन्नचा सेट घेतला तर त्यातली १२ दुसऱ्या जागी जाते, २४, ३२, ४२ जागच्या जागी चालतात, ५३ ची तार सीवर उतरवली की लोंबते म्हणून तिथं ५६ वेगळी पाहिजे, पहिलीसाठी १० वेगळी पाहिजे, आणि १६ ची उरते. दर सेटला एक १६ ची कोरी तार उरते! ड्रॉवर उघडला की गुंडाळ्याच गुंडाळ्या, फेकवत पण नाही, पैसे दिलेत.

इथं नागपुरात सीताबर्डीवरच्या ज्या दुकानातून गिटार घेतली तिथं सुट्या तारा मागितल्या तर भाऊ म्हणे सुटी नाही मिळत, सेट घ्या. म्हणजे एका ट्यूनिंगसाठी दोन-दोन सेट फोडायचे का? तुटलेली तार दाखवायला नेली तर म्हणे, "आधी स्टँडर्डले लावा, मग तुटली तर बोला." मुद्दा बरोबर असेल, पण बोलायची काही पद्धत असते. ५६ ची तार नटच्या (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) खाचेत बसेना तर म्हणे पूर्ण सेटअप करावा लागेल, आणि आकडा असा सांगितला की मी तसाच बाहेर पडलो, इतवारीत सराफ्याजवळ सोनारांची हत्यारं मिळतात तिथून बारीक कानशी आणली आणि खाच स्वतः रुंद केली. सुट्या तारा शेवटी ऑनलाइनच मागवल्या.

तर तार तुटण्याबद्दल. प्रत्येक जण सांगतो की जाड तार लाव, तुटणार नाही. असं होत नाही भाऊ. तार जितकी जाड तितकं तिला त्याच सुरावर आणायला जास्त ओढावं लागतं, जाडी आणि ओढ दोन्ही एकाच प्रमाणात वाढतं, त्यामुळे लोखंडाच्या प्रत्येक कणावरचा ताण तेवढाच राहतो, १० लावा नाही तर १२. लांबी आणि सूर ठरला की विषय संपला. उपयोग होतो तो तार कुठं तुटते ते पाहण्याचा. माझी दरवेळी खुंटीच्या भोकापाशीच तुटायची, टोक पाहिलं तर कापल्यासारखं चकचकीत, भोकाची कडा धारदार होती. झिरो नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून ती कडा घासली, नटच्या खाचेत पेन्सिलीचं शिसं भरलं, आणि फरक पडला, थंडीभर एकदाही तुटली नाही. तेव्हा मी सगळ्यांना सांगत फिरून राहिलो होतो की हे ट्यूनिंग म्हणजे एक नंबर.

मग एप्रिल आला आणि कूलर लागला. दुपारी खोली तापलेली असते, तेव्हा तुम्ही ट्यून करता. संध्याकाळी कूलर सुरू केला की तार थंड होऊन आखडते, वरून ओल्या खसची हवा, लाकूड फुगून वरची फळी उचलते, सूर चढतो. आधीच काठावर असलेल्या तारेला तेवढं पुरतं. कालचं कारण मला तरी हेच वाटून राहिलं.

आता चांगलं. बाबा भजनी मंडळात पेटी वाजवतात, गिटारला ते खेळणंच समजतात. मी एकदा नुसत्या सुट्या तारा छेडत बसलो होतो तर स्वयंपाकघरातून ओरडले, "अबे, हा तर भूप होऊन राहिला ना!" सीला सा धरा आणि पहा, सा प रे ध ग प. मध्यम नाही, निषाद नाही, काही दाबायची गरजच नाही. तेच पाच सूर ठेवून जीला सा मानलं तर दुर्गा राग, ईला मानलं तर मालकंस. वर एक फ्रेट दाबून वाजवा, बाकीच्या तारा मागं आपोआप गुंजतात. मी तासन्‌तास तेवढंच केलं आहे. बाबांची तक्रार एकच, गंधार चढा लागतो. खरं आहे, ट्यूनरचा ई पेटीइतकाच चढा. किंचित उतरवला तर सुटी तार गोड लागते पण त्या तारेवरचे बाकी सगळे सूर खाली जातात, म्हणून सोडून दिलं.

कॉर्डसाठी मात्र विचार करूनच या. पॉवर कॉर्ड (नुसता सा-प) एका बोटात, मेजर म्हणजे जाड तीन तारांवर ०-०-२ (दोन सुट्या, तिसरी दुसऱ्या फ्रेटवर), मायनर ०-०-१, आणि आकार उचलून पुढच्या तारांवर ठेवला तरी तोच राहतो, फक्त पहिली तार सोडून. पण सा-ग-प जवळजवळ पाहिजे असेल तर बोटं फाटतात, आवाज पसरलेलाच येतो. फुटाळा तलावावर मित्रांमध्ये सिनेमाची गाणी वाजवायला गेलो, दुसऱ्याच गाण्याला हातातून गिटार काढून घेतली. टॅब (कुठली तार कुठं दाबायची ते आकड्यांत लिहिलेलं) सगळे निरुपयोगी.

आणि आज सकाळी नवी तार लावताना मत थोडं बदललं. सगळंच अर्धा सूर खाली उतरवलं, सा आता पेटीच्या पांढरी सातला. ताण अकराएक टक्के कमी. आपल्याला सा कुठंही चालतो, हे आधीच सुचायला पाहिजे होतं. बाबांना काळी एक लागते, दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावला की झालं, खुंटीवरचा ताण तेवढाच राहतो. सहावी थोडी ढिली लागते, ५८ मिळाली तर पाहतो. मे टिकला तर सांगेन.

एकच गिटार असेल तर खाच रुंद करायच्या आधी जुना नट काढून डबीत ठेवा आणि दुसरा लावून त्याच्यावर कानस चालवा, नाही तर परत स्टँडर्डला यायचं म्हटलं की ५३ ची तार त्या खाचेत खडखडते.