छातीतल्या महाधमनीचा फुगा: स्टेंट ग्राफ्ट की ओपन ऑपरेशन?

पाठीच्या कण्यालगत खाली उतरणाऱ्या महाधमनीचा फुगा साडेपाच सेंटिमीटरच्या पुढे गेला की डॉक्टर दुरुस्तीचा विषय काढतात. घरच्यांपुढे मग एकच प्रश्न उरतो, छाती उघडायची की जांघेतून स्टेंट ग्राफ्ट बसवायचा?

ओपन ऑपरेशनमध्ये डाव्या फासळ्यांमधून छाती उघडतात, महाधमनीला क्लॅम्प लावतात आणि फुगलेल्या भागाच्या जागी डेक्रॉनची नळी शिवतात. दुसऱ्या पद्धतीत, म्हणजे टेव्हारमध्ये, मिटलेली नळी जांघेच्या धमनीतून वर नेऊन फुग्याच्या आत उघडतात. रक्त नळीतून वाहू लागतं आणि फुग्यावरचा दाब उतरतो.

पहिल्या महिन्यापुरतं बोलायचं तर टेव्हार सरस आहे. अमेरिकेत 2005 साली गोर टॅग या स्टेंट ग्राफ्टला मंजुरी मिळाली. त्यामागच्या चाचणीत ऑपरेशनच्या काळातले मृत्यू टेव्हारमध्ये सुमारे 2 टक्के होते, ओपनमध्ये 12. मज्जारज्जूचा रक्तपुरवठा तुटून पाय लुळे पडण्याचं प्रमाण 3 विरुद्ध 14. पक्षाघात मात्र दोन्हीकडे 4 टक्क्यांच्या आसपास, कारण महाधमनीच्या कमानीत तारा फिरवताना चुन्याचे कण सुटून मेंदूकडे जाऊ शकतात. या चाचणीत चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, हेही लक्षात असू द्या.

पाच वर्षांनी चित्र बदलतं. त्याच चाचणीत फुग्याशी संबंधित मृत्यू 3 विरुद्ध 12 टक्के राहिले, पण हयात असलेले रुग्ण 68 आणि 67 टक्के, म्हणजे जवळपास सारखेच. अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्यातल्या, फुगा न फुटलेल्या रुग्णांत तर पाच वर्षांनी ओपनवाले 72 टक्के हयात होते, टेव्हारवाले 62. जास्त आजारी माणसांना टेव्हार दिला जातो, हे त्यामागचं मोठं कारण. तरी टेव्हार केला म्हणजे आयुष्य वाढलं, असं या आकड्यांवरून म्हणता येत नाही.

महाधमनीच्या भिंतीचे पदर सुटले असतील, म्हणजे डिसेक्शन असेल, तर हिशेब वेगळा. तिथे गुंतागुंत नसेल तर आधी रक्तदाबाच्या गोळ्या. 140 रुग्णांच्या 'इन्स्टेड' चाचणीत स्टेंटचा दोन वर्षांत फायदा दिसला नाही. पाच वर्षांनी मात्र महाधमनीमुळे झालेले मृत्यू स्टेंटवाल्यांत 7 टक्के भरले, फक्त गोळ्यांवर असलेल्यांत 19.

सत्तरी ओलांडलेल्या, फुफ्फुसं कमजोर असलेल्या माणसाला, नळी टेकायला दोन्ही टोकांना सुमारे दोन सेंटिमीटर निरोगी भिंत असेल तर, मी निःशंकपणे टेव्हारच सुचवेन. पन्नाशीतल्या धडधाकट माणसाला किंवा मारफान हा आनुवंशिक आजार असलेल्याला अनुभवी केंद्रात ओपन. मारफानमध्ये भिंतच कमकुवत असते, नळीचा ताण तिला पुढे सोसत नाही.

टेव्हारनंतर दरवर्षी सीटी करावा लागतो, तोही बहुधा आयुष्यभर. नळीच्या कडेने रक्त झिरपून फुगा पुन्हा वाढू शकतो आणि तो दुखत नाही. तालुक्याच्या गावाहून दरवर्षी येणं जमणार नसेल, किंवा सीटीसाठी शिरेतून देतात ते कॉन्ट्रास्ट औषध किडनीला झेपत नसेल, तर ते आत्ताच सांगा.

बायपास झालेल्यांनी आणखी एक गोष्ट आवर्जून विचारावी. छातीतली डावी धमनी डाव्या हाताच्या धमनीतूनच निघते. बायपासमध्ये ती हृदयाला जोडलेली असेल, तर डाव्या हाताच्या धमनीचं तोंड नळीने झाकलं की हृदयाचाच रक्तपुरवठा तुटतो. अशा वेळी मानेतल्या धमनीपासून डाव्या हाताच्या धमनीला आधी जोड द्यावा लागतो. तो कधी आणि कोण करणार, हे तारीख घेण्याआधी ठरवून घ्या.