थाई मुळाक्षरांचा तक्ता आणि पैसे भरून घेतलेलं अ‍ॅप: काही महिन्यांच्या वापरानंतर

अ‍ॅपचं वर्षाचं सदस्यत्व न विचारता पुढे चालू झालं, पैसे कापले गेले, आणि थाई उच्चार दाखवणारी रोमन अक्षरं कायमची बंद करायची सोय अजून आलेली नाही. धडा वाचताना ती लपवता येतात, पण चाचणीत उत्तर रोमनमध्येच मागतात. तक्रार केली की ‘आपला अभिप्राय संबंधित विभागाकडे पाठवला आहे’ हे ठरलेलं वाक्य येतं. म्हणून आधी अ‍ॅपचा निकाल: पाचपैकी एक तारा, तोही त्यातल्या आवाजासाठी. उच्चार स्वच्छ आहेत.

रोमनवर एवढा राग का? थायलंडची अधिकृत रोमन पद्धत च आणि छ दोन्हींना ‘सीएच’ लिहिते, ओ आणि ऑ दोन्हींना ‘ओ’, ऱ्हस्व-दीर्घ दाखवत नाही आणि सूर, म्हणजे शब्दाचा अर्थ बदलणारा आवाजाचा चढउतार, तर पूर्ण सोडून देते. रस्त्यांच्या पाट्यांना हे चालतं, शिकणाऱ्याला नाही. देवनागरीत क-ख, च-छ, त-थ, प-फ आपोआप वेगळे राहतात. वर मराठीत ॲ आणि ऑ आहेत आणि थाईला दोन्ही लागतात. फक्त तीन ठिकाणी सावध राहायचं. थाई च हा चहातला, चमच्यातला नव्हे. ओठ मिटून काढलेला फ आणि दातांवर घासलेला फ ही वेगवेगळी अक्षरं आहेत. आणि ओठ पसरून ऊ म्हटल्यावर येणारा स्वर देवनागरीत लिहिताच येत नाही, तो कानानेच घ्यायचा.

आता तक्ता. थायलंडमध्ये शालेय वस्तूंच्या दुकानात मिळणारा मुलांचा साधा ‘कॉ काइ’ तक्ता: 44 व्यंजनं, प्रत्येकाखाली चित्र. कॉ कोंबडीचा, खॉ अंड्याचा, छॉ हत्तीचा. ट वर्गात एक मुकुटवाली बाई दिसते, ती मंदोदरी. पुढे य ला यक्ष आणि ष ला ऋषी. 44 पैकी दोन अक्षरं (बाटलीचा ख आणि माणसाचा ख) आता वापरात नाहीत. 1892 च्या पहिल्या थाई टंकयंत्रात त्यांना जागा मिळाली नव्हती. ती फक्त ओळखून ठेवायची.

अ‍ॅप ही अक्षरं ‘सोपी ते अवघड’ अशी विस्कटून शिकवतं, आणि मराठी माणसाचं खरं नुकसान तिथे होतं. तक्त्याचा क्रम आपलाच आहे: क वर्ग, च वर्ग, ट, त, प, मग य र ल व, श ष स, ह, आणि ह नंतर ळ! सूर ठरवणारे अक्षरांचे तीन गट त्यातच दडलेत. वहीत वर्गांच्या पाच ओळी आखा आणि उभे स्तंभ पाडा. पहिला स्तंभ (क च ट त प) मध्यम गट, दुसरा (ख छ ठ थ फ) उच्च गट, तिसरा-चौथा-पाचवा नीच गट. य र ल व ळ नीच, श ष स ह उच्च. ट, त, प या वर्गांच्या सुरुवातीला ड-द-ब सारखं एकेक जादा अक्षर आहे, तेही मध्यमच. मधे घुसवलेलं अक्षर शेजाऱ्याचा गट घेतं: दंत्य फ हा फ च्या मागे उभा, म्हणून उच्च. शेवटची दोन तेवढी पाठ करा: अ चं अक्षर मध्यम, घुबडाचा ह नीच. एकूण 9 मध्यम, 11 उच्च, 24 नीच. बाकीचं जग हे गट रंगीत पत्त्यांवर घोकतं, वर्णमाला येणाऱ्याला ते एका बैठकीत मिळतात.

हे जमण्यामागे कारण आहे. ग, द, ब हे मूळचे घोष वर्ण थाईत ख, थ, फ झाले. आवाज एक झाला, पण जुना फरक सुरात उरला. म्हणून ‘ख’ दोन प्रकारचे. अक्षराचा गट कळल्याशिवाय सूर कळत नाही, आणि सूर कळल्याशिवाय वाचलेलं कुणाला समजत नाही.

सुराचे नियम दिसतात तेवढे भयंकर नाहीत. शब्दाचा अवयव (एका झटक्यात उच्चारला जाणारा तुकडा) दीर्घ स्वरावर किंवा म-न-ङ-य-व वर संपला तर तो जिवंत, ऱ्हस्व स्वरावर किंवा क-त-प वर संपला तर मेलेला. सुराची खूण नसेल तर जिवंत अवयव मध्यम आणि नीच गटात सपाट, उच्च गटात चढता. मेलेला असेल तर मध्यम आणि उच्च गटात खालचा. नीच गटात ऱ्हस्व असेल तर वरचा, दीर्घ असेल तर उतरता. खुणा चार, त्यांची नावं एक, थो, त्री, चत्तवा, पण रोजच्या वाचनात जास्त करून पहिल्या दोनच भेटतात. ‘एक’ मध्यम-उच्च गटाला खाली नेते, नीच गटाला उतरता करते. ‘थो’ मध्यम-उच्चला उतरता, नीचला वरचा. म वर काही नसताना ‘मा’ म्हणजे येणे, आधी मुका ह लावला की कुत्रा, ‘थो’ लावली की घोडा.

सुरुवातीला वाटतं की ट वर्ग आणि जादाचे श-ष टाकून द्यावेत, अ‍ॅप तेच करतं. काही आठवड्यांनी ते मत टिकत नाही. थाईत ‘धन्यवाद’ म्हणताना येणाऱ्या ‘खुन’मध्ये ण आहे, भाषेत ष, देशात श, राष्ट्रात ठ. पाट्यांवर संस्कृत-पाली शब्द पदोपदी आहेत. बँकॉकच्या स्कायट्रेनवर ‘असोक’ स्थानक वाचून बघा: अ, मग ओ ची खूण, मग श, मग क. स्वर श च्या आधी लिहिला, उच्चार नंतर. आपल्या ऱ्हस्व वेलांटीसारखं, फक्त अशा खुणा पाच.

शेवटचं व्यंजन मात्र संस्कृतच्या भरवशावर वाचू नका. थाईत शब्दाअखेर फक्त आठ आवाज उरतात. च, ज, ठ, द, श, ष, स सगळे ‘त’ होतात, र आणि ल ‘न’ होतात. म्हणून आहार ‘आहान’, फल ‘फोन’, नगर ‘नखॉन’. ‘राजदेवी’ स्थानकात ज दोनदा मोजतात, आधी त म्हणून, मग छ म्हणून: रात-छ-थेवी. अक्षरावर वळणदार चिन्ह असेल तर ते अक्षर मुकं. वारांची नावं यासाठी उत्तम सराव आहेत: सोमवारातल्या चंद्राचं ‘छन’ नव्हे तर ‘चन’, द-र दोन्ही गेले.

इथवर तक्त्याला पाच तारे. आता साडेतीन, कारण फक्त गोळे.

तक्त्यातल्या जवळपास प्रत्येक अक्षराला डोकं म्हणून छोटा गोळा असतो, लिहायला तिथून सुरुवात करतात. ओळखही त्यावरच. मधमाशीचा फ आणि तबकाचा फ यांत फरक एवढाच की पहिल्याचा गोळा आत, दुसऱ्याचा बाहेर. थ आणि भ चं तेच. गोळा आत तर उच्च, बाहेर तर नीच, ही सुंदर सोय. पण मॉलमधल्या पाट्या, जाहिराती, बिस्किटांचे पुडे, मेन्यूकार्ड, सगळीकडे बिनगोळ्यांची अक्षरं! तिथे र म्हणजे इंग्रजी एस, तबकाचा फ म्हणजे डब्ल्यू, न आणि ब दोन्ही यू, क म्हणजे एन. तक्ता पाठ असलेला माणूस दुकानासमोर निरक्षर उभा राहतो. कुठल्याही सुरुवातीच्या साहित्याने हे पहिल्या पानावर सांगायला हवं, आणि अ‍ॅपने तर पैसे घेऊन सांगायला हवं होतं.

उपाय फुकट आहे. संगणकावर सारबुन हा गोळ्यांचा आणि कनिट किंवा प्रॉम्प्ट हा बिनगोळ्यांचा टंक (फॉन्ट) उतरवून घ्या. 42 अक्षरं दोन्हींत शेजारी-शेजारी छापा आणि तक्त्याच्या मागे चिकटवा. बिनगोळ्यांत न-ब, क-थ, फ-फ या जोड्या आधी फोडा. वाचन आधी गोळ्यांत, तोच मजकूर लगेच दुसऱ्या टंकात. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, तेव्हा ए-ॲ-ओ-आय च्या आधी येणाऱ्या खुणा दिसल्या की तिथे नवा अवयव सुरू झाला असं धरून तोडा.

फोनवर थाई कळफलक घेतला तर लक्षात ठेवा: मराठीत वेलांटी व्यंजनानंतर टाइप होते, थाईत व्यंजनाआधी दिसणारी खूण आधीच दाबायची. शब्दकोशात मात्र शोध व्यंजनाखालीच. आणि थाई अंक पहिल्याच आठवड्यात शिका, दहाच आहेत. काही प्रेक्षणीय स्थळांवर स्थानिकांचा दर थाई अंकांत आणि परदेशींचा आपल्या ओळखीच्या अंकांत लिहितात. चार आणि पाच यांत फरक फक्त वरच्या खाचेचा. पुड्यावर 2568 सारखं साल दिसलं तर 543 वजा करा.