नलरबोरची रोडहाउसं: एकट्याने गाडी चालवणाऱ्यांसाठी परीक्षण

पश्चिम ऑस्ट्रेलियात नॉर्समन गाव सोडलं की नलरबोर पठार ओलांडणाऱ्या एअर (Eyre) हायवेवर युक्लापर्यंतच्या ७११ किलोमीटरमध्ये एकही गाव नाही. आहेत ती फक्त रोडहाउसं: बॅलाडोनिया, कायगुना, कॉकलबिडी, मदुरा आणि मंद्राबिला. पंप, किचन, मोटेलच्या खोल्या, कॅरव्हान पार्क, सगळं एकाच ठिकाणी. ढाब्याची अपेक्षा ठेवून गेलात तर जेवणाने निराश व्हाल आणि भाव बघून चिडाल. पण पेट्रोल, पाणी आणि सूर्यास्ताआधी निवारा या तीन गोष्टींवर तोललं तर ही सेवा पैसे वसूल करून देते. दिवसाचा बेत किलोमीटरवर आखू नका, रोडहाउसांवर आखा.

आधी पेट्रोल. टप्पे असे: नॉर्समन ते बॅलाडोनिया १९१ किमी, तिथून कायगुना १८२, कॉकलबिडी ६५, मदुरा ९१, मंद्राबिला ११६, युक्ला ६६. ५० लिटरच्या टाकीला एकही टप्पा जड नाही, कॅन बाळगायची गरज नाही. अडचण येते ती एखादा पंप बंद असला किंवा साठा संपलेला असला तर. म्हणून नियम एकच, निघताना टाकीत पुढच्या दोन टप्प्यांचं पेट्रोल हवं. सगळ्यात लांब जोडी पहिल्याच दोन टप्प्यांची, ३७३ किमीची. समोरून वारा असला की एरवी शंभर किलोमीटरला ८ लिटर पिणारी गाडी सहज १० लिटर पिते, म्हणजे ३७ लिटर लागले. नॉर्समनला टाकी काठोकाठ भरा, तिथला भाव पुढच्यापेक्षा कमी असतो. ९५ किंवा ९८ ऑक्टेनच लागणारी गाडी भाड्याने घेऊ नका, ते सगळीकडे मिळत नाही. कार्ड चालतं, पण लिंक गेली की मशीन मुकं होतं. दोनशे डॉलर रोख खिशात असू द्या.

पाण्याबाबत बरेच प्रवासी रोडहाउसवाल्यांवर नाराज होतात, ते चूक आहे. नलरबोर म्हणजे चुनखडीचं सपाट पठार. पडलेला पाऊस सरळ जमिनीत मुरतो, वर नदी-ओढा काही नाही. बोअरचं पाणी खारट, तेव्हा गोडं पाणी एक तर शुद्ध करायचं, नाही तर टँकरने आणायचं. त्यामुळे नळाला बाटली लावण्याआधी विचारा, नळावरची पाटी वाचा. एकट्यासाठी १० लिटर पाणी नॉर्समनहूनच घ्या. पंपाजवळच्या बादलीत काच पुसायचा ब्रश असतो, तो मात्र दर थांब्याला वापरा. काचेवर किड्यांचा थर बसला की मावळतीला समोरचं काही दिसत नाही.

जेवणात मीट पाय, बर्गर, चिप्स, टोस्ट केलेलं सँडविच. शाकाहारी माणसाचं काम चीज टोस्टी आणि चिप्सवर भागतं. पण टोस्टी बहुधा बेकनच्याच तव्यावर होते आणि चिप्स मासे तळलेल्या तेलात. पथ्य कडक असेल तर ऑर्डर देतानाच विचारा. पर्थच्या भारतीय दुकानातून गरम पाण्यात होणारे पोहे-उपम्याचे डबे घेतले तर खोलीतल्या केटलीवर रात्रीची सोय होते. किचन लवकर बंद होतं, आठला पोचून गरम जेवण मिळेल असं धरून चालू नका.

वेळेचा घोळ हा या दिवसातला सगळ्यात मोठा सापळा. कायगुनाच्या पूर्वेला घड्याळ ४५ मिनिटं पुढे जातं. ही वेळ सरकारी नाही, पण कॉकलबिडीपासून दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या सीमेवरच्या बॉर्डर व्हिलेजपर्यंत किचन आणि पंप त्याच वेळेवर चालतात. फोन बरेचदा पर्थचीच वेळ दाखवतो. जूनमध्ये नॉर्समनला सूर्य सातच्या सुमारास उगवतो. सातला निघून ताशी ९५ ची सरासरी आणि दोन तासांची विश्रांती धरली तर युक्लाला पोचेपर्यंत स्थानिक घड्याळात सव्वापाच वाजून जातात आणि अंधार पडायला लागतो. कांगारू नेमके त्याच वेळी रस्त्यावर येतात. भाड्याच्या गाडीच्या करारात शहराबाहेर रात्री चालवल्यास विमा लागू नाही अशी अट असू शकते, ती सही करण्याआधी वाचा. म्हणून हिवाळ्यात मुक्काम मदुरालाच करा. ५२९ किमी होतात आणि स्थानिक वेळेने सव्वातीनपर्यंत आरामात पोचता. खोली आदल्या दिवशी फोन करून ठरवा.

बॅलाडोनिया ते कायगुना या टप्प्यातच १४६.६ किमीचा सरळसोट रस्ता आहे, एकही वळण नाही. एकट्याला इथे डुलकी लागते. बॅलाडोनियाला वीस मिनिटं उतरा, १९७९ साली या भागात कोसळलेल्या स्कायलॅब या अमेरिकन अंतराळस्थानकावरचं छोटं संग्रहालय बघा, मग पुढे निघा. इथेच रोड ट्रेनला, म्हणजे मागे ट्रेलर जोडलेल्या लांबलचक ट्रकला, ओव्हरटेक करायचा मोहही होतो. हिशेब करा: ट्रकची लांबी ३६.५ मीटर, वेग १००, तुमचा ११०. मागचं-पुढचं अंतर धरून सुमारे १३० मीटर जास्त कापावे लागतात. त्याला ४७ सेकंद लागतात, तेवढ्यात तुम्ही १.४ किमी पुढे जाता आणि समोरून येणारी गाडीही तितकीच जवळ येते. जवळपास ३ किमी रस्ता मोकळा दिसत नसेल तर मागेच राहा. गाडीत यूएचएफ रेडिओ (दुसऱ्या गाड्यांशी बोलायचा वायरलेस) असेल तर चॅनल ४० लावा, ट्रकवाले त्यावर बोलतात.

स्टेपनीची हवा निघण्याआधी तपासा आणि पाना-जॅक जागेवर आहे का ते डिकी उघडून बघा. अनेक गाड्यांत स्टेपनीच नसते, फक्त पंक्चर बुजवणारा फेसाचा डबा असतो. टायर कडेने फाटला तर त्या डब्याचा उपयोग शून्य. टोइंगला किती किलोमीटरची मर्यादा आहे तेही विचारा. फोनला टेल्स्ट्राचं सिम घ्या, आणि तेही रोडहाउसच्या आसपासच चालेल असं समजा.

मदुराला उजेडी पोचलात तर मागे घाटमाथ्यावर जा. खाली रो प्लेन्स आणि पायथ्याशी रोडहाउसचं छप्पर दिसतं. १८७६ पासून इथे ब्रिटिशांच्या हिंदुस्थानातल्या फौजेसाठी घोडे पैदा करत आणि युक्लाहून जहाजाने पाठवत.

दुसऱ्या दिवशी युक्लानंतर १२ किमीवर बॉर्डर व्हिलेज आहे. तिथे टाकी पुन्हा पूर्ण भरा, कारण नलरबोर रोडहाउस पुढे सुमारे १८५ किमीवर आहे. घड्याळ आणखी ४५ मिनिटं पुढे करा, दक्षिण ऑस्ट्रेलियात उन्हाळी वेळ चालू असेल तर पावणेदोन तास. पूर्वेकडे जाताना फळं-भाज्यांची तपासणी दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या सेडुना गावाला होते, तेव्हा केळी-सफरचंदं त्याआधीच संपवा. उलट दिशेने येत असाल तर तपासणी बॉर्डर व्हिलेजलाच होते आणि मधाची बाटलीसुद्धा काढून घेतात.