हातशिलाईची खादी बाराबंदी: आठ महिने वापरल्यावर

शिवजयंतीपासून नवरात्रापर्यंत तीन बाराबंद्या, म्हणजे बारा बंदांनी बांधायचे आखूड अंगरखे, आलटून-पालटून वापरल्या. एक खादीची, पूर्ण हातशिलाईची. दुसरी त्याच ताग्यातली, पण मशीनवर शिवलेली. तिसरी भाड्याने मिळणाऱ्या पोशाखांत असते तशी: पॉलिस्टर मिश्रणाची, आत वेल्क्रो आणि वर नुसते शोभेचे बंद. हातशिलाईची एकोणीस वेळा अंगावर चढली, सोळा वेळा धुतली. हे लिहिणं मुख्यतः तिच्याबद्दल आहे.

तिसरीचा निकाल आखाजीलाच (अक्षय्य तृतीयेला) लागला. जळगाव-भुसावळकडच्या चव्वेचाळीस अंशांत पॉलिस्टर घाम शोषत नाही, पाठीला चिकटून बसतं. वेल्क्रोच्या आकड्यांत धोतराचा सुती भुगा भरला की पकड सुटते, आणि हात वर केला की छातीवरचा पल्ला उघडतो. तासाभराच्या फोटोसाठी ठीक, मिरवणुकीला नाही.

कापडाबद्दल एक गैरसमज आधी काढून टाकावा. जुना पोशाख म्हणजे जाडाभरडा, असं धरून लोक गादीच्या खोळीसारखी खादी उचलतात. बऱ्हाणपूर ही जुन्या खानदेशाची राजधानी. तिथलं तलम पांढरं कापड १७व्या शतकात इराण-तुर्कस्तानपर्यंत जात होतं, असं फ्रेंच प्रवासी ताव्हर्निये लिहून गेलाय. बाराबंदीत छातीवर कापडाचे दोन पदर येतात, त्यामुळे चौरस मीटरला १२० ते १४० ग्रॅम वजनाची खादी पुरते. त्याहून जाड घेतली तर बंदांच्या गाठी पोटावर सुपारीएवढ्या दिसतात.

छाती ४० इंच असेल तर ३६ इंच पन्ह्याची (रुंदीची) २.७५ मीटर खादी घ्यावी. कात्री लावण्याआधी कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवून दुसऱ्या दिवशी गरम पाण्यात धुवावं, वाळवून पुन्हा एकदा धुवावं. आमचा तागा उभ्यात मीटरला सहा सेंटीमीटर आटला, आडव्यात जेमतेम दोन. ही पायरी गाळली तर पहिल्या धुण्यात बाही मनगटावरून वर सरकते, आणि त्याला नंतर इलाज नाही.

कापणी जवळजवळ सगळी सरळ रेषेत होते. २४ इंच रुंद आणि ६० इंच लांब पट्टा खांद्यावर दुमडायचा, म्हणजे पाठ आणि पुढा एकाच तुकड्यात येतात आणि खांद्याला शिवण राहत नाही. पुढचा भाग मध्यावर गळ्यापासून खालपर्यंत चिरायचा. पन्ह्यातून उरलेल्या साधारण १२ इंच पट्टीचे ३० इंचांचे दोन तुकडे करून ते दोन्ही बाजूंना जोडायचे. हेच आतला आणि बाहेरचा पल्ला. बाह्या २२ इंच लांब, बगलेशी १८ इंच, मनगटाशी १०. शेवटी जो दोनेक वीत तुकडा उरतो त्यातून बंद, चौबगले (बगलेतले चौकोनी तुकडे) आणि ठिगळं निघतात. कचऱ्यात जातं ते मूठभरच.

चूक होते ती पल्ल्याच्या तिरप्या काठावर. कंबरेपासून गळ्यापर्यंत तिरपं कापलं की तो काठ ओढ खातो, आणि चार वापरांत गळ्याशी बोट जाईल एवढी फट पडते. मशीनच्या बाराबंदीत हेच झालं. हातशिलाईच्या वेळी त्या काठाला आतून अर्धा इंच रुंद, उभ्या धाग्याची पट्टी लावली होती, काठापेक्षा पाव इंच आखूड, आणि ती कच्च्या टाक्याने बसवून मगच मगजी (काठाची गोट) केली. तो काठ आजही जागेवर आहे.

चौबगला हा या कपड्याचा सांधा. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वज पेलणारे पांढरी बाराबंदीच घालतात. उंच काठी तोलताना हात मोकळा राहतो तो या तुकड्यामुळे. चौबगला तयार होऊन साडेचार इंच भरला पाहिजे. बाहीची आणि अंगाची शिवण कोपऱ्याच्या एक सेंटीमीटर आधी थांबवावी. कोपऱ्यापर्यंत नेली की तिथे चुणी पडते, चुणीत घाम साचतो आणि तीच जागा आधी विरते. मशीनच्या बाराबंदीचा चौबगला पाचव्या महिन्यात उसवला. दोरा तुटला नाही, टाक्यांलगतचं कापड तुटलं. मशीनचा पॉलिस्टर दोरा खादीच्या सुतापेक्षा चिवट असतो, ताण आला की तोच कापडाला कापतो. सुती ४० नंबरचा दोरा मेणावरून ओढून घ्यावा, इंचाला आठ-नऊ टाके. शिवण धावदोऱ्याने, दर चौथा टाका उलट्या टिपेचा. मग एक बाजू कातरून दुसरी तिच्यावर दुमडून तुरपाई. उद्या दोरा तुटलाच तर दहा मिनिटांत पुन्हा भरता येतो, कापड शाबूत राहतं.

आता बंद. हा कपडा मापात बसतो तो बंदांनी, कापाने नाही. आमच्या बाराबंदीत सहा जोड्या आहेत: तीन आतल्या पल्ल्याला, तीन बाहेरच्या. जेवण झालं की खालची जोडी सैल करता येते, ही सोय बटणात कुठून येणार? बंद १५ इंच लांब, सव्वा इंच रुंद, आणि उभ्या धाग्यातच कापायचे. आडव्या धाग्यातले लोंबतात, तिरपे पिळे खातात. कडा आत दुमडून आठ मिलिमीटरपर्यंत बारीक करावेत आणि टोक तिरपं बंद करावं, म्हणजे गाठ सुटताना अडकत नाही.

पहिल्या तीन महिन्यांत चार बंद निघाले, आणि चारही वेळा एकाच कारणाने. बंद तुटत नाही, मुळाशी कापड फाकतं. टाके सगळे एका ओळीत, त्याच दोन धाग्यांमध्ये पडले की ओढ तिथेच येते आणि धाग्यापासून धागा सुटतो. दुरुस्ती अशी: बंदाचं टोक इंचभर आत घ्या, मागे दीड इंचाचं चौकोनी ठिगळ, त्याचे धागे अंगाच्या धाग्यांना तिरपे राहतील असं ठेवा. चौकोनात उलटी टीप, मधून फुली. त्यानंतर एकही निघाला नाही. सगळ्यात जास्त ओढ कंबरेच्या बाहेरच्या जोडीला बसते. तिथे ठिगळ पहिल्या दिवसापासून हवं. गाठ सुरगाठच मारावी. घामाने भिजलेली निरगाठ दातांनी सोडायची वेळ येते.

धुणं घरीच. यावल-रावेरकडे बोअरचं पाणी जड, साबणाचा फेस होत नाही आणि त्याचा चिकट साका सुतात बसून पांढरी खादी राखी दिसू लागते. रिठ्याच्या पाण्याने आणि शेवटच्या खळबळीत बादलीला चमचाभर लिंबूसत्त्व घातल्याने फरक पडला. खळ फक्त घालायच्या आदल्या दिवशी, पातळ. खळ लावून ट्रंकेत ठेवलेल्या कपड्याला कसर लागते.

त्याच जड पाण्याचा फायदा शेल्याला झाला. मंजिष्ठेचा लाल रंग पाण्यातल्या चुन्याने खुलतो. दोनशे ग्रॅमच्या शेल्याला हिरडा ४० ग्रॅम, मग तुरटी ३० ग्रॅम, मग मंजिष्ठा २०० ग्रॅम. पाणी हाताला चटका बसेल इतकंच, उकळी नको, नाहीतर लाल विटकरीकडे झुकतो. याच यावल तालुक्यातल्या फैजपूरचं नाव इंग्रजी अमलातल्या गॅझेटियरमध्ये छापील सुती कापड, नीळ आणि तांबड्या रंगासाठी आलंय. हळदीचा शेला मात्र करू नका, दोन दुपारच्या उन्हांत फिका पडतो.

एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण शिवजयंतीला ती हमखास ऐकू येते: बाराबंदी घालून कुणी 'शिवकालीन दरबारी पोशाख' म्हणू नये. महाराजांच्या जुन्या चित्रांत दिसतो तो लांब, घेरदार जामा आणि कमरेला पटका. बाराबंदी हा धोतरावरचा आखूड अंगरख्याचा प्रकार. दोन्ही सुंदर, पण एक दुसऱ्याच्या जागी चालत नाही. जरीची लेस लावली तर दोन्हींपैकी काहीच उरत नाही.

हातशिलाईला सोळा-सतरा तास लागतात. शिंप्याकडून करून घ्यायची तर लांब शिवणी मशीनवर, पण सुती दोऱ्याने, आणि चौबगले, तिरपा काठ, बंदांची मुळं हाताने, एवढी तडजोड चालेल. बाही मात्र मनगटाशी १० इंचांऐवजी ९ ठेवायला सांगा. १० इंचांची पंगतीत भरिताच्या तेलात बुडते.

आणि पंगत केळीच्या पानावर असेल तर देठाकडून लांब बसा. केळीचा चीक ओला असेपर्यंत पाण्याने निघतो, वाळला की तपकिरी डाग कायमचा. डावी बाही अशीच गेली. तिच्यावर ब्लीच मारू नये, सूत विरतं. ती सबंध बाराबंदी आता हिरड्याच्या पाण्यात, मग गंजलेल्या खिळ्यांच्या आणि गुळाच्या आंबवणीत पाच मिनिटं बुडवून करडी करायची आहे. लोह जास्त वेळ राहिलं तर तेही सूत खातं, म्हणून घड्याळ लावून, आणि लगेच दोनदा स्वच्छ पाण्यातून काढून.