रेडिएटरची पितळी चावी: एवढीशी, पण कामाची

थंडी पडायच्या आधी हीटिंग एकदा चालवून बघावं, हे शहाणपण मला उशिराच आलं. यंदा चालू केलं तर बेडरूममधला रेडिएटर खाली गरम आणि वर गारढोण. म्हणजे आत हवा अडकलेली; ती रेडिएटरवरच्या छोट्या व्हॉल्व्हमधून सोडायला ही चावी. (वर गरम आणि खाली गार असेल तर बहुतेक तळाशी गाळ, तिथे या चावीचा उपयोग नाही.)

गेल्या वर्षी हाच उद्योग पक्कडीने केला आणि व्हॉल्व्हचा चौकोनी माथा झिजवून बसलो. ही चावी त्यावर अशी घट्ट बसते की घसरायचा प्रश्नच नाही. हीटिंग बंद करून तासभर थांबलो, खाली जुनं फडकं धरलं आणि चावी डावीकडे जेमतेम पाव फेरा फिरवली. फुस्स्... बराच वेळ नुसती हवा, मग थुंकल्यासारखे चार थेंब, मग काळपट पाण्याची बारीक धार. लगेच बंद. फडक्याचे डाग मात्र गेले नाहीत.

हवा गेली की रेडिएटरना गरम पाणी पुरवणाऱ्या बॉयलरचा दाबही उतरतो, हे चावीच्या पाकिटावर लिहायला हवं होतं. माझ्या बॉयलरच्या दाबाचा काटा १ बारच्या (बार म्हणजे दाबाचं माप) खाली आला होता. पाणी भरून गार असताना १.३ वर आणला, तेव्हा कुठे बॉयलर पेटला.

दांडा फारच आखूड आहे, भिंतीलगतच्या रेडिएटरवर बोटांची सालं निघतात. शिवाय दोनदा हरवली. आता सुतळी ओवून बॉयलरशेजारच्या खिळ्याला टांगलीय.