ई-रीडरवर फँटसी आणि रहस्यकथा: गड्ड्यापासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

सहा इंची, ई-इंकचा (कागदासारख्या दिसणाऱ्या पडद्याचा) साधा रीडर गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या जानेवारीतल्या यात्रेच्या सुमारास घेतला. तेव्हापासून त्यावर फँटसी आणि गुन्हेकथाच वाचतेय, त्यामुळे मत त्या दोन प्रकारांपुरतंच.

सोलापुरात पहिला प्रश्न उन्हाळ्याचा. उन्हात अक्षरं उलट अधिक ठळक दिसतात, हे सुख मोबाइलवर नाही. पण बोटं घामेजली की एका स्पर्शात दोन पानं पुढे जातात. एप्रिल-मेमध्ये सुती रुमाल जवळ ठेवाच. लाइट गेली तर आतल्या मंद उजेडावर वाचन निवांत चालतं. चार्जिंगची आठवणसुद्धा होत नाही.

एन. के. जेमिसिन यांची 'द फिफ्थ सीझन' (२०१५) यावरच वाचली. ही कादंबरी ज्या मालिकेचा पहिला भाग आहे, तिच्या तिन्ही भागांना २०१६ ते २०१८ अशी सलग तीन वर्षं विज्ञानकथा-फँटसीसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला, आणि पहिला भाग वाचल्यावर त्याचं नवल वाटत नाही. जमिनीचे हादरे थोपवणारी माणसं आणि त्यांच्याच धास्तीने त्यांना जुंपून ठेवणारा समाज! एक धागा तर थेट 'तू' म्हणत वाचकालाच कथेत ओढतो. 'ओरोजीन'सारख्या घडवलेल्या शब्दांपुढे रीडरमधला शब्दकोश हात टेकतो. मी सरळ तो शब्द पुस्तकात शोधते. तो शब्द पहिल्यांदा कुठे आला ते पान सापडतं आणि तिथल्या प्रसंगातून अर्थ उमगतो. जाडजूड कादंबरीत ही सोय लाखमोलाची. नकाशा मात्र सहा इंचांत करडा डाग होऊन बसतो. तो मोबाइलवर उघडून शेजारी ठेवावा लागतो.

रहस्यकथेचं गणित वेगळं. अगाथा ख्रिस्तीची 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' (१९२६) वाचताना खटकलेलं प्रत्येक वाक्य अधोरेखित करत गेले. संपल्यावर ती सगळी वाक्यं एका यादीत समोर आली. पुन्हा वाचली तेव्हा कळलं, बाईंनी एकेक शब्द किती जपून ठेवलाय. कागदी पुस्तकात यासाठी पानं चाळत बसावं लागलं असतं.

पण पुस्तक किती वाचून झालं हे दाखवणारी खालची टक्केवारी आधी बंद करा. ऐंशी टक्क्यांवर कुणी पकडला गेला की खरा गुन्हेगार तो नव्हे, हे आकडाच फोडतो. त्यात शेवटी पुढच्या पुस्तकाचं प्रकरण जोडलेलं असेल तर नव्वदलाच गोष्ट आटोपते आणि आपण उगाच आणखी एका धक्क्याची वाट बघत बसतो. केइगो हिगाशिनोच्या 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स'मध्ये खून कुणी केला हे सुरुवातीलाच कळतं, सगळी मजा तो कसा झाकला यात आहे. तरीही आकडा झाकूनच वाचा. गणिताच्या त्या शिक्षकाने नेमकं काय केलंय हे उलगडतं तेव्हा पोटात कालवाकालव होते. शेवट किती पानांवर आलाय हे माहीत नसलेलंच बरं.

मराठीसाठी हिराचंद नेमचंद वाचनालयाची वर्गणी चालूच ठेवली आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांचा नायक झुंजार किंवा नारायण धारपांच्या भयकथांमधले समर्थ कागदावरच रंगतात. नीट बनवलेलं मराठी ई-पुस्तक रीडरवर सुरेख दिसतं, जोडाक्षरंही फुटत नाहीत. पण जुन्या पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ वाचायला म्हणून घेणार असाल तर घेऊ नका. अक्षर मुंगीएवढं दिसतं, मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते. त्यापेक्षा मोठ्या पडद्याचा टॅब बघा.